आशाबाई आणि अमेरिकन चौकडी

आमच्या जालन्याच्या घरात एकच रेडिओ होता आणि त्याचे दोन मालक होते. सकाळ-संध्याकाळ तो अण्णांचा, दुपारी आईचा. अण्णा एका शाळेत गणित शिकवत. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुऊन रेडिओशेजारी बसत आणि शास्त्रीय गायनाची सभा असली तर घरात कुणी भांडेसुद्धा वाजवायचे नाही असा नियम होता. दुपारी मात्र काटा विविध भारतीवर जाई. अण्णांची शाळा सुटायच्या वेळेला आई तो न चुकता मूळ जागी आणून ठेवी. तिला हे कुणी सांगितले होते असे मला वाटत नाही. चोरून केलेल्या गोष्टीच्या खुणा पुसाव्यात, इतक्या सहज ती ते करी.

अण्णांच्या श्रद्धा पक्क्या होत्या. दत्तजयंतीच्या सुमारास अंबडला शास्त्रीय संगीताचा उत्सव भरतो. त्यासाठी ते दरवर्षी एस.टी.ने जात. थंडीत कानाला मफलर गुंडाळून रात्रभर मांडवात बसत आणि पहाटे परतल्यावर चहा पिता पिता आम्हाला रात्रीचे राग सांगत. मास्टर दीनानाथांविषयी बोलताना त्यांचा आवाज बदले. त्यांच्याच कन्येची हिंदी गाणी मात्र त्यांना चालत नसत. लताबाईंना थोडी सवलत होती, आशाबाईंना नाही. ‘गळा बापाचा, पण गिऱ्हाईक वेगळं’ हे त्यांचे एका वाक्यातले मत. त्यातली कठोरता कळायला मला बरीच वर्षे लागली.

अण्णांना एकट्याला दोष देणे मात्र बरोबर नाही. त्यांच्या पिढीला ही उतरंड थेट दिल्लीहून मिळाली होती. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे गृहस्थ १९५२ साली माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि दहा वर्षे त्या पदावर राहिले. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. देशाचे कान सुधारावेत, अशी त्यामागची प्रामाणिक इच्छा होती. कान सुधारले की नाही ते ठाऊक नाही, पण लोकांनी काटा सरळ सिलोनकडे वळवला. त्याच १९५२ साली तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सायानींचा आवाज घराघरांत पोचला. शेवटी १९५७च्या ऑक्टोबरात सरकारला विविध भारती काढावी लागली. म्हणजे आईची दुपार ही केसकरांच्या हरलेल्या लढाईतून मिळालेली होती. अण्णा आमच्या घरापुरते ती लढाई अजून लढत होते, एवढेच.

यात माझा भाग सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मी अकरा-बारा वर्षांचा असेन. अंबडच्या उत्सवातल्या ओळखीतून एक बुजुर्ग तबलजी आमच्याकडे चहाला आले होते. बाहेरच्या खोलीत अण्णा त्यांच्याशी तालाविषयी बोलत होते आणि आत आई कांदे चिरता चिरता गुणगुणत होती. ‘कारवाँ’मधले, हेलनच्या नाचाचे ते गाणे. चित्रपट १९७१चा, तोवर जुना झालेला, पण गाणे काही जुने झाले नव्हते. मी आत गेलो आणि दबक्या आवाजात तिला म्हणालो, ‘आई, हे वाह्यात गाणं बंद कर. बाहेर ऐकू जातंय.’

शब्द अण्णांचा होता, वापरला मी. आई थांबली. माझ्याकडे बघून काही बोलली नाही. कांदे चिरत असल्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याचा अर्थ लावण्याची सोयही मला राहिली नाही. पुढे ती घरात गुणगुणताना मी ऐकले ते फक्त स्तोत्रे आणि आरत्या. रेडिओ दुपारी लागत राहिला, पण ती त्याच्या बरोबर गात नसे.

असो. आता मुख्य विषयाकडे येतो.

क्रोनॉस क्वार्टेट हे नाव मी प्रथम नोकरीनिमित्त मुंबईत राहत असताना ऐकले. पाश्चात्त्य संगीतात दोन व्हायोलिने, एक व्हायोला आणि एक चेलो अशा चार वाद्यांच्या मेळाला मोठी परंपरा आहे. हायडन, मोझार्ट, बेथोव्हन यांनी या चार वाद्यांसाठी जे लिहिले ते त्या संगीताचे गर्भागार समजले जाते. मोठे सभागृह नको, शंभर वादक नकोत. दिवाणखान्यात चार जण एकमेकांशी बोलल्यासारखे वाजवतात, म्हणून त्याला कक्षसंगीत म्हणायचे. आपल्याकडची खासगी बैठक डोळ्यांपुढे आणली तर ते वातावरण थोडेफार कळते. डेव्हिड हॅरिंग्टन या व्हायोलिनवादकाने १९७३ साली रेडिओवर जॉर्ज क्रम यांची ‘ब्लॅक एंजल्स’ ही व्हिएतनाम युद्धाच्या छायेतली रचना ऐकली आणि असलेच संगीत वाजवायचे म्हणून आपली चौकडी उभी केली. (मराठीत ‘चौकडी’च्या मागे ‘चांडाळ’ आपोआप येते. त्याला इलाज नाही. सनातनी रसिकांचे या चौघांविषयीचे मत काहीसे तसेच होते.) ही मंडळी जिमी हेन्ड्रिक्सचे ‘पर्पल हेझ’ तंतुवाद्यांवर वाजवू लागली. १९८६च्या तबकडीत ते आहे. बेथोव्हनच्या वाद्यांवर रॉकचे गिटार! तिकडेही अनेक अण्णा होते हे मला फार उशिरा कळले.

त्यांच्यासाठी मायकेल डॉहर्टी या अमेरिकन संगीतकाराने लोकप्रिय व्यक्तींवर रचना केल्या. एक जे. एडगर हूव्हर या गुप्तचर खात्याच्या प्रमुखावर, एक एल्व्हिस प्रेस्लीवर. दुसरीत चौकडीबरोबर एल्व्हिसची नक्कल करणाऱ्या तिघांचे आवाज आहेत. याच डॉहर्टींची १९९३ची ‘डेड एल्व्हिस’ नावाची आणखी एक रचना आहे. तिच्यात बसून हा जाड, घोगऱ्या आवाजाचा सुषिर वाद्यप्रकार वाजवणारा माणूस एल्व्हिसचा पोशाख घालून उभा राहतो आणि मृतांसाठी गायली जाणारी मध्ययुगीन लॅटिन प्रार्थनेची धून त्या सगळ्या गोंधळात पुन्हा पुन्हा डोकावते. ऐकताना हसू येते आणि मग ते घशात अडकते. एक गायक मेल्यावर त्याच्या नावाचे जे दुकान चालते, त्याचेच ते श्राद्ध आहे.

ही रचना प्रथम ऐकली तेव्हा माझ्या मनात आले, की आपल्याकडे हे कुणावर करता येईल? बसूनवादकाला गुडघ्यापर्यंतची ढगळ चड्डी आणि लोंबणारी नाडी देऊन दादा कोंडक्यांवर एक रचना झाली पाहिजे. मी हे गमतीने म्हणत नाही, किंवा निदान पूर्णपणे गमतीने म्हणत नाही. ‘सोंगाड्या’ १९७१चा. त्याच्यावर हसलेल्या आणि हसल्याबद्दल मनातून ओशाळलेल्या मराठी मध्यमवर्गाचे चित्र काढायला बसूनइतके योग्य वाद्य सापडणार नाही. पण आपल्याकडे लोकप्रिय माणसावर लेख लिहितात, त्याचा पुतळा उभारतात किंवा त्याच्या नावाने पुरस्कार देतात. त्याला गंभीर संगीताचा विषय करावा असे सहसा कुणाला सुचत नाही.

ज्यांना सुचले ते चार अमेरिकन निघाले. २०००च्या ‘कॅरव्हॅन’ या तबकडीत क्रोनॉसने राहुलदेव बर्मन यांचे ‘अनामिका’तले एक गाणे वाजवले, तबल्यावर झाकिर हुसेन. आणि २००५ साली ‘यू हॅव स्टोलन माय हार्ट’ ही अख्खी तबकडी बर्मन यांच्या गाण्यांची काढली. बारा गाणी. त्यांतली आठ स्वतः आशाबाईंनी पुन्हा गायली, वयाच्या सत्तरीनंतर. तबला झाकिरभाईंचा आणि वू मान यांचे पिपा हे चिनी तंतुवाद्य. पुढच्या वर्षी ग्रॅमीसाठी तिला नामांकन मिळाले. आशाबाईंना ते नवे नव्हते. उस्ताद अली अकबर खाँ यांच्याबरोबर त्यांनी जुन्या बंदिशींची ‘लेगसी’ ही ध्वनिफीत केली होती, तिलाही नामांकन होते. ती मी पूर्वी अण्णांना नेऊन दिली होती. त्यांनी दोनदा ऐकली आणि ‘शिकवणारा मोठा आहे’ एवढेच म्हणाले.

ही नवी तबकडी मी मुंबईत घेतली आणि पहिल्याच रात्री सलग दोनदा ऐकली. आनंद झालाच, पण त्याबरोबर एक अस्वस्थपणा आला, आणि त्याचे कारण सापडायला काही दिवस गेले. जी गाणी मी वाह्यात म्हणून बंद पाडली, ती आता मी हेडफोन लावून, डोळे मिटून, अण्णा अंबडच्या मांडवात ऐकत तसा ऐकत होतो. मधल्या काळात गाणी बदलली नव्हती. त्यांच्यावर परदेशी प्रतिष्ठेचा शिक्का बसला होता, एवढेच. बेथोव्हनची वाद्ये घेतलेल्या चौघांनी ‘चालेल’ म्हटल्यावर मला ती चालू लागली. आईच्या कानावर माझा विश्वास नव्हता, सॅन फ्रान्सिस्कोच्या कानावर होता.

हे एकदा स्वतःशी कबूल केल्यावर तबकडीकडे अधिक नीट पाहता आले. मग जाणवले ते असे, की या चौघांनी गाण्यांना वर उचलून वगैरे काही नेलेले नाही. ती मुळातच तंतुवाद्यांची होती. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत जी व्हायोलिने वाजत, ती वाजवणाऱ्यांत गोव्याची माणसे फार मोठ्या संख्येने होती. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांतून त्यांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकायला मिळाले होते. पोटासाठी ती मुंबईला आली आणि सिनेमात वाजवू लागली. त्यांतलेच माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. त्यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवले, तरुण राहुलदेवही त्यांच्याकडे शिकले. १९५८ साली त्यांनी ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ काढून रागांवर बांधलेल्या स्वतःच्या रचना सादर केल्या. तो प्रयोग टिकला नाही. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये प्यारेलालनी गुरूचे नाव एका विनोदी गाण्यात अजरामर केले, आणि ते खऱ्या माणसाचे नाव आहे हे गाणे म्हणणाऱ्या कोट्यवधी लोकांपैकी फार थोड्यांना ठाऊक होते. गंभीर रचनाकार लोकप्रिय गाण्यातले एक नाव होऊन उरला. डॉहर्टींच्या अगदी उलट. गोन्साल्विस २०१२ साली गोव्यात वारले.

तेव्हा क्रोनॉसच्या धनुष्यांतून जे येते ते हेन्ड्रिक्सच्या वेळी होते तसे परक्या मुलखातले नाही. एक लांबचा वळसा घेऊन व्हायोलिने आपल्या घरी आली आहेत. एकच अडचण होती. बर्मन यांच्या गाण्यांमागे मोठा ताफा असे आणि हे तर चौघे. त्यांनी तुकडे एकावर एक ध्वनिमुद्रित करून तो ताफा पुन्हा उभा केला. म्हणजे काटेकोरपणे बघता हे कक्षसंगीत उरत नाही. चार माणसांचा संवाद ऐकू येण्याऐवजी चार माणसांची गर्दी ऐकू येते. हेलनच्या त्या गाण्यात ही गर्दी मला कमी पडते. सगळे जागच्या जागी आहे, पण मूळ गाण्यातला घाम नाही. याउलट ‘इजाजत’मधले ‘मेरा कुछ सामान’ फार सुंदर उतरले आहे. ते मुक्तछंदातले, यमक नसलेले गीत. गुलजारांना आणि आशाबाईंना दोघांनाही त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. ते मुळातच एका खोलीतले, एका माणसाने दुसऱ्याशी बोललेले गाणे आहे. तिथे तंतुवाद्ये दिवाणखान्यात बसल्यासारखी बसतात.

‘शोले’तल्या गाण्याची गोष्ट वेगळीच. ते मूळ राहुलदेवांनी स्वतःच्या फाटक्या आवाजात गायले होते. इथे गायक नाही, नुसती वाद्ये आहेत. ऐकताना मला सारखा जालन्यातला बँड आठवत होता. लग्नसराईत जुन्या जालन्याच्या रस्त्यांवरून वराती जात, आणि सोनेरी झालरींचे मळके कोट घातलेले क्लॅरिनेटवाले नेमके हेच गाणे शब्दांवाचून वाजवत. समोर कागद नाही. गायकाची प्रत्येक लकब क्लॅरिनेटच्या पात्यावर उतरवायची आणि तीही चालता चालता, गॅसबत्तीच्या उजेडात. हेही लोकप्रिय गाण्याचे दुसऱ्या वाद्यांसाठी केलेले रूपांतरच होते. पण त्याला कुणी रचना म्हटले नाही. अण्णा तर वरात जाईपर्यंत खिडकी लावून घेत.

पुढच्या उन्हाळ्यात मी ती तबकडी घेऊन जालन्याला गेलो. त्या वर्षी लोडशेडिंगने माणसे हैराण झाली होती. दुपारी चार-चार तास वीज नसे, म्हणून मी सेलवर चालणारा प्लेअर आणि दोन छोटे स्पीकर सोबत नेले होते. सगळी तयारी करूनच गेलो होतो असे म्हणायला हरकत नाही. मला नेमके काय हवे होते? आईने खूश व्हावे, आणि ते जुने वाक्य मला परत घेता यावे, बहुधा एवढेच. पण ते बोलायचे धाडस नव्हते. म्हणून मी तिला क्रोनॉसविषयी सांगत बसलो. ग्रॅमी, सॅन फ्रान्सिस्को, बेथोव्हन. आई मोसंबी सोलत ऐकत होती.

पहिले गाणे सुरू झाले. आईने मोसंब्याची फोड हातातच धरून ठेवली. गाणे संपेपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, ‘चारच जण म्हणालास ना? मग मागं एवढी व्हायोलिनं कुठून आली?’

मी एकावर एक ध्वनिमुद्रणाची पद्धत समजावून सांगितली. तिने मान डोलावली. ‘तरीच. एकाच माणसाच्या हातची वाटतात सगळी. पहिल्या गाण्यात वेगवेगळ्या हातांची होती.’ पहिल्या म्हणजे मूळ गाण्यात. जी गोष्ट मला दोन रात्री आणि पाच-सहा इंग्रजी परीक्षणे वाचून कळली नव्हती, ती तिला एका ऐकण्यात कळली. पस्तीस वर्षे दुपारी ऐकले होते तिने. ते नुसते ऐकणे नव्हते हे माझ्या तेव्हा लक्षात आले.

दुसऱ्या गाण्यावर ती म्हणाली, ‘आवाज थकलाय बाईंचा. पण जागा एकही सोडली नाही.’

आतल्या खोलीत अण्णा पडले होते. झोपले असावेत असा आमचा समज होता. ‘मेरा कुछ सामान’ चालू असताना ते उठून दारात आले आणि चौकटीला हात लावून उभे राहिले. तोवर त्यांना कमी ऐकू येऊ लागले होते. गाणे संपल्यावर त्यांनी विचारले, ‘खालचं वाद्य कोणतं रे? सारंगीसारखं?’ मी चेलो म्हणून सांगितले. ‘खर्ज छान लागलाय,’ ते म्हणाले, ‘आणि ही गातेय कोण?’

आई म्हणाली, ‘दीनानाथांची मुलगी.’

अण्णांनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. ‘ते समजलं मला,’ म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले. त्यांनी ओळखले होते की नव्हते हे मी पुढेही कधी विचारले नाही.

ते आत गेल्यावर आईने हलक्या आवाजात मला विचारले, ‘तुला चालतं का आता हे?’

तिच्या बोलण्यात टोमणा होता की साधी चौकशी, ते मला आजही सांगता येत नाही. मी ‘हो’ म्हणालो. त्यापुढे जे बोलायचे म्हणून मी मुंबईहून आलो होतो ते घशातच राहिले, कारण तेवढ्यात तिने दुसरेच विचारले, ‘ते हेलनचं आहे का यात?’

ते होते. मी लावले. आईने पहिल्या कडव्यापर्यंत ऐकले आणि म्हणाली, ‘नाही जमलं. लई सभ्य झालंय.’ ‘लई’ हा शब्द ती एरवी वापरत नसे, अण्णांना खपत नसे म्हणून. मग मोसंब्याच्या साली गोळा करून ती आत गेली.

झाकिर हुसेन २०२४च्या डिसेंबरात गेले. क्रोनॉसमधले जॉन शेर्बा आणि हँक डट हे दोघे, चाळीसहून अधिक वर्षे एका जागी बसून वाजवल्यावर, त्याच वर्षी निवृत्त झाले. अण्णा आणि आई दोघेही आता नाहीत. तबकडीवर ओरखडे पडले आहेत आणि सातवे गाणे अडकते. घर आवरताना आईचा रेडिओ सापडला. काच फुटलेली, पण काटा शाबूत होता. तो अण्णांच्या केंद्रावर होता.